बाबांचा ज्ञ

बाबा विम्याच्या नोकरीत बदली होऊन साताऱ्याहून जयपूरला आले, आणि निवृत्तीनंतर वैशाली नगरमध्ये घर घेऊन इथेच राहिले. इथल्या मराठी मंडळाचं एक लहानसं मासिक पत्रक निघतं. त्यातलं शब्दकोडं दर महिन्याला बाबा करतात. त्यासाठी त्यांच्याकडे फार जुना प्रोग्राम आहे. मराठी टाइपरायटरवर बसलेला त्यांचा हात त्या प्रोग्रामात जसाच्या तसा चालतो. पण त्यातला मजकूर दुसरीकडे नेला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कोडं तयार झालं, की पहिली प्रत आई सोडवते आणि चुका काढते. ती चुका काढते म्हणून बाबा वैतागतात, आणि नाही काढल्या तर जास्तच वैतागतात.

मागच्या वर्षी त्यांचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. आधी बँकेची साइट उघडेना, मग मेलसुद्धा. विंडोज जुनी झाली, नवी घाला, असं जो तो सांगत होता. आणि नवी घालायला मशीन फार जुनं होतं. मी आणि बाबा तो डबा घेऊन राजा पार्कातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "अंकलजी, अब इसको आराम करने दो."

"नव्यात माझा प्रोग्राम चालेल?" बाबांनी विचारलं.

त्याने प्रोग्रामचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "पत्रकवाल्यांना कळवून टाक. खूप झाली कोडी."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचं तोंड पाहून मला राहवेना.

मी एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम बघते. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण ऑफिसातल्या एका मैत्रिणीने घरचं जुनं मशीन विंडोजऐवजी लिनक्सवर नेलं होतं, ते जुन्या मशीनवरही चालतं. तिने सांगितलं, की लिनक्सच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यात जुनी विंडोज घालून जुने प्रोग्राम चालवता येतात. "मतलब, कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर," ती म्हणाली. आत इंटरनेट द्यायचं नाही, एवढं पथ्य.

जुन्या विंडोजची आणि प्रोग्रामची सीडी आईकडे निघाली, दिवाळी अंकांच्या ट्रंकेत. पुढचे दोन रविवार मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. रॅम वाढवली, बाबांच्या सगळ्या फायली वेगळ्या काढल्या, लिनक्स घातलं, व्हर्च्युअल मशीन उभं केलं. शेवटी पडद्यावर एका चौकटीत जुन्या विंडोजची ती ओळखीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसलं. त्यातच बाबांचा प्रोग्राम उघडला.

"बाबा, या. बसा."

बाबा बसले. टाइप करून पाहिलं. चाललं. पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. चौकटीतून माउसचा बाण बाहेर गेला, की तो परत आत कसा न्यायचा हे त्यांना उमगेना. प्रत्येक वेळी हाक यायची, "अगं, गेलं सगळं!" काही गेलेलं नसायचं. त्यांना त्या मशीनची भीतीच वाटत होती. चुकीचं बटण दाबलं तर माझे दोन रविवार फुकट जातील, असं त्यांनी मनात घेतलं होतं.

तरी त्यांनी एक कोडं पूर्ण केलं. आईने व्हरांड्यात बसून ते सोडवलं आणि विचारलं, "अहो, या वेळी एकही ज्ञ कसा नाही? तुमचं कोडं आणि आज्ञा नाही, यज्ञ नाही, जिज्ञासा नाही?"

बाबा म्हणाले, "ज्ञ येत नाही तिथे."

ज्ञसाठी त्यांच्या प्रोग्रामात ऑल्ट दाबून कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे टाइप करावे लागतात. ते आता चालत नव्हतं. आणि हा माणूस मला न सांगता ज्ञ नसलेले शब्द हुडकत बसला होता! मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आधीच एवढं केलंस. वर आणि माझी तक्रार कशाला?"

त्या दिवशी मी त्यांना स्नॅपशॉट दाखवला. व्हर्च्युअल मशीन या क्षणी जसं आहे तसं जपून ठेवता येतं, आणि पुढे कितीही घोळ झाला तरी पुन्हा तिथे परत जाता येतं. कोडी मी बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवलीच होती. "आता आत काहीही मोडा," मी म्हटलं.

"काहीही?"

"काहीही."

त्यांचा विश्वास बसेना. म्हणून मी आतला प्रोग्रामच उडवून दाखवला. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी मशीन मागे नेलं. प्रोग्राम जागच्या जागी. "आता मला करू दे," ते म्हणाले. या वेळी त्यांनी स्वतः उडवला, स्वतः परत आणला.

त्यानंतर ते बदललेच. मी ऑफिसातून यायचे तेव्हा ते सेटिंगची एकेक पाटी उघडून वाचत बसलेले असायचे. दोनदा त्यांनी आतली विंडोज अशी बिघडवली, की ती सुरूच होईना. दोन्ही वेळा न घाबरता मागे नेली. आणि एका संध्याकाळी मी दारात गाडी लावते आहे तोवर ते फाटकापर्यंत आले.

"उजवीकडचे आकडे चालू करणारा नंबर लॉक आत बंद होता! बाहेरचा दिवा चालू, पण आतला बंद. मी आत जाऊन दाबला, आला ज्ञ!"

मला तोवर त्याचं कारण सापडलेलं नव्हतं.

पुढचं कोडं पाहून आई म्हणाली, "आता काय, सगळीकडे ज्ञच." पण सोडवलं तिने एका बैठकीत.

यंदाच्या गणपतीत मंडळातल्या आयांनी बाबांना मुलांसाठी सोपं कोडं मागितलं. आमच्या इथली मुलं हिंदी शाळांमुळे देवनागरी वाचतात, पण मराठी शब्दाशी अडतात. हे कोडं फोनवर पाठवायचं होतं, म्हणून बाबांनी ते लिनक्समध्येच, नव्या मांडणीच्या कीबोर्डवर, एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि स्वतः मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्समधल्या एका लहान मुलीचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"आजोबाजी, आडवा चारमध्ये 'भाजीत घालतात, डोळ्यांतून पाणी काढतो', दोन अक्षरं. पण दुसरं 'दा' आलंय, प्याज तर बसतच नाही."

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले. "आता घरात कोणाला तरी विचार, प्याजला मराठीत काय म्हणतात. मी थांबतो."

पलीकडे पावलं पळाली. "आई, प्याजला मराठीत काय म्हणतात?" असं दूरवरून ऐकू आलं, आणि बाबा फोन हातात धरून वाट पाहत राहिले.