स्टीलची बादली आणि कलेजीचा वाटा

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या अंबाजीरावांचा देवावर विश्वास होता, डॉक्टरांवर त्याहून थोडा कमी होता आणि होसतोडकूवर मात्र पुरेपूर होता. होसतोडकू म्हणजे युगादीचा, आपल्या पाडव्याचा, दुसरा दिवस. पहिल्या दिवशी कडुनिंब-गूळ खाऊन आणि होळिगेवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप ओतून सगळं म्हैसूर सात्त्विक होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच म्हैसूर मटणाच्या दुकानापुढे रांग लावून उभं राहतं. या दिवसाचा नियम एकच. आज जे कराल ते वर्षभर करत राहाल. म्हणून आज पोटभर जेवायचं, हसायचं, कुणाला दुखवायचं नाही. थोडक्यात, उरलेल्या तीनशे चौसष्ट प्रयोगांची ही रंगीत तालीम.

अंबाजीराव ही तालीम जीव तोडून करत. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी एवढी शिस्त दुसऱ्या कशात दाखवल्याचं कुणाला आठवत नाही. एका वर्षी या दिवशी चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांखाली त्यांची चप्पल हरवली, तर पुढे वर्षभरात आणखी चार जोड गेले. (त्यातले तीन कॉटखाली सापडले, पण शास्त्राच्या आड असल्या बारीकसारीक गोष्टी येत नाहीत.) एका वर्षी ते दिवसभर झोपले.

"मग, झोपलो की नाही वर्षभर?" त्यांनी पुढच्या युगादीला छाती पुढे काढून विचारलं.

"त्याच्या आधीची तीस वर्षंही झोपतच होतात," वनजाबाई म्हणाल्या. लग्नाला पन्नास वर्षं झालेली बायको म्हणजे पहिल्या रांगेत फुकट पासावर बसलेला प्रेक्षक. टाळी देत नाही आणि उठूनही जात नाही.

तर असा शास्त्राला पक्का माणूस, सात वर्षांपूर्वी नेमक्या होसतोडकूच्या दिवशी, आपल्या सगळ्यात जुन्या मित्राशी भांडला.

मित्राचं नाव गुरुराव. राहायला मागच्याच गल्लीत. घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांनी रंगवलेली लुगडी नंजनगुडच्या बाजारात हातोहात खपायची म्हणतात. गुरुरावांपर्यंत येता येता त्यातला रंग उडाला आणि साड्यांच्या दुकानातली गादी तेवढी उरली. नावात गुरू असला तरी ते फक्त गुरुवार पाळत. बाकीचे सहा दिवस नावाचा त्यांना काही त्रास नव्हता.

त्या काळी दोन्ही गल्ल्यांतली अकरा घरं मिळून एक बकरा आणत. अंबाजीरावांच्या अंगणात पळसाची पानं अंथरून अकरा वाटे पडत. प्रत्येकात थोडी मांडी, थोडी चाप, एखादी नळी. कलेजी अकरांत वाटली तर कुणाच्या दातालाही लागणार नाही, म्हणून ती सगळी एकाच वाट्यात जाई. ज्याचं नशीब त्याची. आणि नशिबाची सोय अशी, की अंबाजीराव काठी एका वाट्यावर रोखून विचारत, "हा कुणाचा?" आणि गुरुराव पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून, एकेक नाव पुकारत. दाखवणाऱ्यानं नाव घ्यायचं नाही, नाव घेणाऱ्यानं वाटा बघायचा नाही. इतका आंधळा न्याय कोर्टातही मिळत नाही. पानांवर ओल्या पळसाचा वास, बायका पातेली घेऊन उभ्या, पोरं काठीकडे टक लावून. नाटक कंपनीला एवढा प्रेक्षक मिळाला असता तर ती बुडाली नसती.

सात वर्षांपूर्वी कलेजीचा वाटा सलग चौथ्यांदा गुरुरावांच्या नावावर गेला. नाव अर्थातच गुरुरावांनीच पुकारलं होतं. त्यांच्या समोर, भिंतीला टेकून, त्यांच्याच घरून आणलेली स्टीलची बादली होती. अंबाजीरावांनी बादलीकडे पाहिलं, मित्राच्या पाठीकडे पाहिलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, "बादलीत बघतोस होय रे, गुरू?"

गुरुराव वळले. "काय म्हणालास?"

"आरसा आहे तो. चार वर्षं बघतोय मी."

"म्हणजे मी चोर? कलेजीचा चोर?"

"मी बादलीला म्हटलं. तुला का झोंबलं?"

गुरुरावांनी वाटा तिथंच टाकला, बादलीतलं पाणी अंबाजीरावांच्या नव्या धोतरावर पडेल अशा बेतानं ओतलं आणि रिकामी बादली घेऊन ते निघून गेले.

होसतोडकूला अबोला धरला म्हणजे वर्षभर अबोला, हे दोघांनाही मान्य होतं. या एका बाबतीत त्यांचं अजून एकमत होतं. वर्ष संपलं, पुन्हा तो दिवस आला. आज समोरासमोर आलो आणि भांडलो तर आणखी एक वर्ष जाईल, म्हणून दोघांनीही शहाणपणानं घराबाहेर पाऊल टाकलं नाही. आणि त्या दिवशी भेटले नाहीत म्हणून वर्षभर भेटले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तोच शहाणपणा. मोबाइलचा प्लॅन आपोआप वाढत जातो तसा त्यांचा अबोला दर युगादीला वाढत गेला, आणि रद्द कुठं करायचा ते कुणालाच सापडेना.

यंदाच्या युगादीला कडुनिंब-गूळ वाटून झाल्यावर नात काव्या मोबाइल रोखून समोर उभी राहिली. फॅमिली ग्रुपवर टाकायला प्रत्येकानं गेल्या वर्षातलं एक कडू, एक गोड आणि नव्या वर्षाची एक आशा सांगायची, अशी तिची आज्ञा होती. मुलगा अर्जुन म्हणाला, "कडू म्हणजे रिंग रोडचा ट्रॅफिक, गोड म्हणजे प्रमोशन. आशा, या वर्षी जिम." ही आशा त्यानं सलग पाचव्या वर्षी बाळगली होती. एकदाही वापरली नसल्यामुळे ती अजून नवीकोरी होती.

वनजाबाई म्हणाल्या, "गोड म्हणजे मिक्सरचं भांडं दुरुस्त झालं. आणि जास्वंदीला एका सकाळी सात फुलं आली. कडू..." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "सगळ्यांना दाखवणार ना गं तू? मग राहू दे."

"ताता, आता तुमी," काव्या म्हणाली.

अंबाजीरावांनी घसा साफ केला. "गोड म्हणजे मोतीबिंदू काढला. आता गच्चीवरून चामुंडीचे दिवे मोजता येतात. तुझी आजीसुद्धा स्पष्ट दिसते."

"ते गोडात का कडूत?"

"ते तू मोठी झालीस की सांगतो. कडू म्हणजे..." ते थांबले. हा विराम तालमीतला नव्हता. "गुरू पार शहराबाहेर हूटगळ्ळीला राहायला गेला. मुलानं घर बांधलंय म्हणे. आठ महिने झाले. मला दूधवाल्यानं सांगितलं."

काव्यानं मोबाइल खाली केला. आशा विचारायची तिनं विसरल्यासारखं केलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढं कळतं, हे अंबाजीरावांच्या पिढीला पटणं कठीण आहे.

संध्याकाळी वनजाबाई भांडी पुसत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उद्या हूटगळ्ळीला जाईन म्हणतो."

"आजच जा की. आज भांडलात तरी चालतं, आज होसतोडकू नाही."

"तसं नाही गं. आज बोलला तर आजच्यापुरता बोलेल. उद्या बोलला तर वर्षभर बोलेल."

"आणि उद्या दार लावून घेतलं तर?"

अंबाजीरावांनी मनाशी हिशेब मांडला. दार लावलं तर वर्षभर लावलेलं. त्यांना शहात्तरावं चालू होतं, गुरुराव दोन वर्षांनी मोठे. या वयात वर्ष उधळायला कुणाकडे शिल्लक असतं?

"बोलायचं काय पण त्याच्याशी?" त्यांनी विचारलं.

"चूक झाली म्हणा."

"माझी? बादलीत तो बघायचा!"

"सुम्ने राहा हो," वनजाबाई कन्नडातून गप्प करत म्हणाल्या. त्यांना रागावताना मराठी पुरत नसे. "भांडणाआधीची तिन्ही वर्षं दुपारी बाराच्या आत गुरुरावांच्या अन्नपूर्णाबाईंची वाटी यायची आपल्याकडे. अर्धी कलेजी. ती चाटूनपुसून खाताना नाही आठवली बादली?"

अंबाजीरावांनी झोप आल्याचा अभिनय केला. पन्नास वर्षांत हा अभिनय एकदाही फसला नव्हता, कारण तो बघायला कुणी थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुननं मागवलेलं मटण दारात आलं. अकरा घरं केव्हाच पांगली होती. वाटा आता प्लॅस्टिकच्या डब्यात बंद होऊन येतो, वर वजन आणि तारीख छापलेली. पाठ फिरवून उभं राहायला कुणी लागत नाही. प्रगती म्हणतात ती हीच. अर्जुन बजावून गेला, "अप्पा, डॉक्टर काय म्हणाले? दोनच तुकडे!" अंबाजीरावांनी मान डोलावली आणि वनजाबाईंनी मिरी टाकून परतलेल्या कलेजीचा डबा कुणाला न दिसता त्यांच्या पिशवीत सरकवला.

हूटगळ्ळीत बसमधून उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आधुनिक माणूस शेजाऱ्याचं बघून घर बांधतो. एकाच रंगाची, एकाच गेटाची, एकाच ग्रॅनाइटची घरं. दोन चुकीच्या दारांवर त्यांनी बेल वाजवली, एका कुत्र्याची समजूत घातली आणि तिसऱ्या दारापाशी ते घाम पुसत उभे राहिले. रस्ताभर घोकलेलं वाक्य होतं, "गुरू, झालं गेलं सोड." दार उघडलं आणि नटाचं होतं तेच झालं, वाक्य गेलं.

दारात अन्नपूर्णाबाई होत्या. त्यांनी अंबाजीरावांकडे पाहिलं, मग डब्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि त्या कपाळाला हात लावून हसायला लागल्या.

"या भावजी, या. पण हे नाहीत."

"कुठं गेला?"

"तुमच्याकडे. नऊच्या बसनं. बादली घेऊन."

अंबाजीराव पायरीवरच बसले. होसतोडकूच्या दिवशी हा त्याच्या दारात, तो ह्याच्या दारात आणि गाठ नाही! म्हणजे आता वर्षभर लष्कर मोहल्ला ते हूटगळ्ळी आणि हूटगळ्ळी ते लष्कर मोहल्ला. सिटी बसवाल्यांचं तेवढं कल्याण.

"आमच्या घरी फोन लावा," ते म्हणाले. "लवकर."

तिकडून वनजाबाईंनी उचलला. "आलेत की. खुर्चीत बसलेत, बादली मांडीवर. आल्या आल्या मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पुढ्यात बादली ठेवली आणि मागं काव्याला नाचायला लावलं. काही दिसत नाही हो त्यात. काव्या सोडा, माझं तोंडसुद्धा दिसलं नाही."

"कसं दिसेल? सात वर्षं घासून घासून चमक घालवली असेल त्यानं!"

फोनमध्ये खरखर झाली आणि सात वर्षांनी तो आवाज आला. थोडा बसलेला, पण पट्टी तीच.

"ऐकलं बरं का मी, अंब्या."

अंबाजीरावांचा हात पायरीवर उगीच काहीतरी चाचपत राहिला. "ऐकायलाच बोललो," ते म्हणाले. "तिथंच बस. मी येतो."

"तू कशाला? मी निघतो. तू बस."

"माझ्या घरी आलायस, मीच यायला पाहिजे."

"माझ्या घरी तू पण आलायस. अक्कल आहे का?"

"तुझ्याएवढी नाही. मला बादलीत बघता येत नाही."

"नव्हतो रे बघत बादलीत!" गुरुराव ओरडले. "हिंगुळादेवीची शपथ!"

"मग चार वर्षं कलेजी तुलाच कशी?"

मग गुरुराव म्हणाले, "डबा आणलायस ना?"

"आणलाय."

"अन्नपूर्णाला सांग, दोन वाट्या कर. एकीत कलेजी, एकीत दुसरं काहीतरी. आणि पूर्वीसारखं विचार."

अन्नपूर्णाबाईंनी दोन वाट्या आणून पायरीवर ठेवल्या. एकीत कलेजी, दुसरीत सकाळची कोबीची भाजी. अंबाजीरावांनी काठीऐवजी बोट उचललं, कोबीवर रोखलं.

"हा कुणाचा?"

"अन्नपूर्णेचा," सात-आठ किलोमीटरवरून उत्तर आलं.

बोट सरकलं. "हा कुणाचा?"

"माझा. कलेजी आहे त्यात. मिरी घातलेली."

अंबाजीरावांनी आधी अन्नपूर्णाबाईंकडे आणि मग आजूबाजूला पाहिलं. बादली कुठंच नव्हती.

"कसं कळलं?"

"आवाज, बाबा, आवाज. इतर वाट्यांना तू विचारतोस रेशनच्या दुकानातल्यासारखा. कलेजी आली की तुझा आवाज तूप सोडल्यासारखा होतो. सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, तू सोडून. दुसऱ्या कुणाला गेली असती तर अख्खी गेली असती. मला आली तर अर्धी तरी तुला पोचायची. म्हणून घ्यायचो नाव."

अंबाजीरावांनी कलेजीची वाटी जवळ ओढली.

"चूक," ते म्हणाले. "कोबी आहे ह्यात." आणि एक तुकडा तोंडात टाकला.

"खोटारड्या! चावतोयस! कोबी असा चावतात का?"

"हूटगळ्ळीचा कोबी आहे. जून असतो."

"माझा वाटा आहे तो! ठेव खाली! मी निघालो इथून!"

"तू निघालास तर मी पण निघेन, मग बस रस्त्यातच. बादलीत बसून ये!"

"तुझ्या डॉक्टरला सांगतो, थांब!"

भांडण पेटलं. होसतोडकूचे अकरा वाजले होते आणि दिवस अख्खा पुढं होता. अन्नपूर्णाबाईंनी भावजींच्या हातातल्या फोनकडे वाकून पाहिलं. बॅटरी चार टक्के उरली होती. त्या लगबगीनं आत गेल्या, चार्जर आणला, वायर खिडकीतून बाहेर सोडली आणि अंबाजीरावांच्या कानाशी असलेल्या फोनमध्ये अलगद खोचली.