फैलाका बेटावरची ओहोटी

सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली. त्यानंतर मला एका जागी बसवेना. तेव्हा आम्ही कुवेतमध्ये, अहमदी गावात राहत होतो. हे मीना अल-अहमदीला रिफायनरीच्या स्टोअरमध्ये ड्यूटीवर गेले की मी घासलेली भांडी पुन्हा घासायची.

दवाखान्यात मला सांभाळणारी सिस्टर आयरिश होती. पूर्वी बेळगावला होती, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलायची. एका शुक्रवारी ती सात-आठ बायकांना फैलाका बेट दाखवायला निघाली. "तूही चल," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

लाँचमध्ये तिच्या मुलखाच्या गोष्टी सुरू झाल्या. तिथे राजांची एक टेकडी आहे म्हणे. खरा राजा उभा राहिला की तिथला दगड ओरडायचा. बायका हसल्या. बेटावर खोदकामात जुनं ग्रीक देऊळ निघालं होतं. ती एका दगडापाशी थांबली की मी पुढच्या दगडापाशी पोचलेली असे.

शेवटी दर्या राखणाऱ्या पिराचं, ख्वाजा खिज्रचं ठाणं आलं. आमच्या रत्नागिरीकडचे तांडेल होडी लोटताना त्यांचंच नाव घेतात, त्यामुळे जागा परकी वाटली नाही. पण तिथल्या एका बाईने माझ्या हातात नवसाची हिरवी चिंधी ठेवली आणि पोटाकडे बोट दाखवलं. मी चिंधी तिच्याच हातात कोंबली आणि किनाऱ्याने चालत सुटले, मागे कोणी दिसेनासं होईपर्यंत.

बऱ्याच वेळाने सिस्टर आली, बूट हातात घेऊन.

"मला दुसरं मूल नको," मी म्हणाले. "तीच हवी."

"आमच्या गावच्या विहिरीवर माझी आई अशाच चिंध्या बांधायची," ती म्हणाली. "माझा भाऊ गेला, मग कधी फिरकली नाही." मग तिने विचारलं, "नाव ठरवलं होतंस?"

हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तिने ते चुकीचं उच्चारलं, मी सुधारलं.

परतलो तर ओहोटी लागून लाँच चिखलात बसली होती. बायका संतापल्या होत्या. "माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. भरती येईपर्यंत मी लाँचभोवती चिखल तुडवत राहिले.

अंधार पडल्यावर पोचलो. धक्क्यावर हे घाबरून उभे होते. रस्त्यात मी यांनाही ते नाव सांगितलं. यांनी माझा हात घरापर्यंत सोडला नाही.

लगेच चैन पडलं असं नाही. त्या वर्षी मी अहमदीचे सगळे रस्ते पायी पालथे घातले. संध्याकाळी बहुतेक वेळा हेही बरोबर असत.