टेबलाशेजारची खुर्ची

जुन्या कॉम्प्युटरला मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या सासरच्या कुणालाही घातल्या नसतील, आणि सासरी तशी संधी काही कमी नव्हती. गंगापूर रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत मी फोटो दुरुस्त करते. लग्नाचे अल्बम असतात, पासपोर्टचे फोटो असतात, पण माझं मुख्य काम म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. कुणी आधार कार्ड घेऊन येतं, कुणी मोबाइलवर कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो दाखवतं. त्यातला चेहरा काढायचा, स्वच्छ करायचा, मोठा करून द्यायचा. दहाव्याला लागतो म्हणून घाई असते. आणि आमचा कॉम्प्युटर एकेका कामाला पाच-पाच मिनिटं घ्यायचा. आतला पंखा घरघरायचा, स्क्रीनवरचं चक्र फिरत राहायचं आणि मी माउस आपटायचे.

तेवढा वेळ माणसं माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसायची. साधी प्लास्टिकची खुर्ची, एक पाय जरा वाकलेला. बसली की बोलायची. दादांना चष्म्याशिवाय आम्ही कधी पाहिलंच नाही हो, चष्मा घाला. आजीचा डावा डोळा बारीक होता, तो तसाच राहू द्या. मी स्क्रीनकडे बघत हूं हूं करायचे. हा ताप मला या मशीनमुळे होतोय, असंच मला वाटायचं. बाईचा फोटो असला की शेवटी कुंकवाचं काम यायचं. फ्लॅशमुळे कपाळ पांढरं पडतं, कुंकू उडून जातं, ते पुन्हा काढावं लागतं. पण तोवर अर्धा तास झालेला असायचा, आणि बाई सवाष्ण गेली की नवऱ्यामागे राहिली होती, हे मला न विचारताच कळलेलं असायचं.

नव्या मशीनसाठी मी मालकांच्या मागे तीन वर्षं लागले होते. शेवटी ते आलं. मालकांनी नारळ फोडला आणि मला म्हणाले, "तुम्हीच मागत होतात, तुम्हीच पूजा करा." मी काळ्या कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पहिला फोटो उघडला आणि चहाचा कप उचलेपर्यंत काम होऊन गेलं होतं. मी हरखून गेले, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे अल्बम टाकणारा एक फोटोग्राफर येऊन नुसता बघत उभा राहिला. बायकोचा फोटो न्यायला आलेले एक आजोबा मात्र प्रिंट हातात घेऊन म्हणाले, "एवढ्यात झालं? नीट केलंय ना?" त्यांची मी मागून थट्टा केली.

आठवडाभरात मालकांनी टेबलाशेजारची खुर्ची काढली आणि तिथे फ्रेमचा स्टँड लावला. आता बसायला लागतंच कुणाला, असं ते म्हणाले. मलाही ते पटलं. उलट जास्तच चेव चढला मला. गोल कुंकू, चंद्रकोर, उभी चिरी, सगळं मी आधीच काढून ठेवलं. एक बटण दाबलं की कपाळावर बसायचं.

अशातच एका दुपारी एक बाई आली. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. मागच्या सोसायटीत स्वयंपाकाची कामं करायची, माहेर विंचूरकडचं. दुसऱ्या दिवशी आईचा दहावा होता आणि संध्याकाळच्या एसटीने फोटो घेऊन तिला गावी जायचं होतं. घरात आईचा एकही फोटो नव्हता. पुतण्याच्या लग्नातला एक होता मोबाइलवर, मागच्या रांगेत उभी असलेली म्हातारी, चेहरा नखाएवढा.

मी तो घेतला, चेहरा काढला, डोळे उजळले, सुरकुत्या तेवढ्या राहू दिल्या. कपाळ कोरं होतं. कुंकू फ्लॅशने उडालं असणार म्हणून सवयीने बटण दाबलं. चार मिनिटं लागली असतील. स्क्रीन तिच्याकडे वळवून मी म्हटलं, "बघा ताई, झालं." माझ्या आवाजात तोरा होता, तो मला अजून ऐकू येतो.

तिने बराच वेळ फोटो बघितला. मग हळूच म्हणाली, "ताई, कुंकू नव्हतं हो तिला. मी आठवीत असताना बाप गेला माझा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण नजर स्क्रीनवरच होती. "लय चांगली दिसती," ती म्हणाली. "कुंकवात कशी दिसायची ते मी इसरूनच गेले होते."

मला ही रीत कधीच पटलेली नाही. मी म्हटलं, "मग राहू द्या ना. कोण काय बोलणार आहे?"

"मला नाय बोलणार. तिला बोलतील. उद्या समदा गाव येईल, भाऊबंद येतील. जन्मभर तिनं कुणाला बोट दाखवू दिलं नाय. आता गेल्यावर तिला नावं कशाला ठेवू द्यायची?" ती स्क्रीनजवळ सरकली. "मला जरा बघू द्या. मग पुसा."

मी हात मांडीवर ठेवून बसले. तिने पदराने डोळे टिपले, पुन्हा बघितलं. वाट बघायला लावणारं ते जुनं मशीन आत्ता हवं होतं, असं मला मनापासून वाटलं. मग ती म्हणाली, "पुसा."

मी बटण दाबलं. बोट उचलायच्या आत कपाळ कोरं झालं होतं. तिला ते कळलंच नाही आधी, ती अजून वाट बघत होती. मग कळलं.

"झालं पण?" ती म्हणाली. "बाप गेला तव्हा पुसायला लय वेळ लागला होता. आईनं बायांचे हात धरून ठेवले होते."

मी फोटो प्रिंटला सोडला. प्रिंटर मात्र जुनाच आहे, एका फोटोला अजूनही पाच-सहा मिनिटं घेतो. कागद पुढे सरकत होता तसा आधी आईचा डोक्यावरचा पदर दिसला, मग कपाळ, मग डोळे. ती प्रिंटरवर वाकून बघत होती, एका हाताने फ्रेमच्या स्टँडला धरून. स्टुडिओत आल्यापासून ती उभीच होती, आणि तिला बसायला सांगायला माझ्याकडे खुर्ची नव्हती.