अजानीआधीचा खोकला

खजुराच्या डब्याचं झाकण उघडलं की त्या गोड वासाबरोबर मिरकरवाड्यातल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. रमजानचा शेवटचा आठवडा होता, वीज गेली होती आणि बंदराकडून सुक्या मासळीचा वास येत होता. दस्तरखानाभोवती आम्ही चौघं खजूर हातात धरून अजानीची वाट बघत होतो. तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यातून आधी खोकला आणि मग अजान ऐकू आली, तसा आम्ही रोजा सोडला. अम्मीचा हात मात्र ओठांपाशीच थांबला. "वीज नाय, मग भोंगा कसा वाजला?" ती म्हणाली. अब्बांनी घड्याळ बघितलं. मगरिबला, म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या अजानीला, अजून सहा मिनिटं होती. ती सरली तेव्हा मशिदीच्या दारातून अजान देणाऱ्या नव्या माणसाचा कोवळा, भोंग्याविना आवाज आला. अजानीआधी खोकायची सवय त्याच्याआधी अजान देणाऱ्या चाचांची, आणि त्यांना तर महिन्यापूर्वी अब्बा स्वतः माती देऊन आले होते. शेजारी कुणीच काही ऐकलं नव्हतं. वेळेआधी सुटलेला रोजा नंतर भरून द्यावा लागतो, म्हणून ईदनंतर अम्मी सोडून आम्ही तिघांनी एकेक रोजा धरला. का, ते कुणाला सांगितलं नाही. आता मी फ्लॅटमध्ये राहते आणि अजान मोबाइलवर लागते. परवा ती लागण्याआधी कुणीतरी खोकलं. मी खजूर खाली ठेवला आणि समोर पाहिलं, तर माझ्या मुलीचा हातही ओठांपाशी थांबला होता. तिला मी हे कधीच सांगितलेलं नाही.