धृपदापुरतं इंग्रजी

ज्या घरात सून कमी बोलते, त्या घरातले किस्से तिच्याकडेच जमा होतात, असा माझा आठ महिन्यांचा अनुभव आहे. मध्य प्रदेशात, माधवगंजातल्या माझ्या सासरी तर एका गाण्यावरच पोतडी भरली.

गाणं इंग्रजी, रॉक. ह्यांच्या कॉलेजच्या बँडची शान. धृपदात मुलगा म्हणतो, आई, खिडकीत दिवा लावून ठेव, मी येतोय. कडव्यांमध्ये मात्र तो गाडीत बसलेला आहे, शेजारी नवी बायको, आणि परत यायचा त्याचा अजिबात विचार नाही. आईने मागे येऊ नये म्हणून ती दिव्याची थाप.

पण बँडला कडवी कधी आलीच नाहीत. तिथे मुख्य गायक मुकुंदभावजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, डोळे मिटून "ये ये ये" करतात.

*

आमच्या रिसेप्शनलाही तेच झालं. आई, म्हणजे सासूबाई, पदराने डोळे पुसत होत्या. मी एम.ए. इंग्लिश. हसू आवरेना म्हणून मान खाली घातली. लोक म्हणाले, नवरी किती लाजाळू!

*

मग कुणीतरी त्याच गाण्याचं नवं रूप काढलं. बासरी, तबला, गिटार नावापुरती. भावजींनी नई सडकच्या बाजारातून कॅसेट आणली, ऐकली आणि निकाल दिला, "ओरिजिनलवाल्यांना भाव समजलाच नाही. नुसते चिल्लावून राहिले होते."

नव्या गायिकेने कडवी गाळून टाकली होती. भावजींच्या ते लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

*

कॅसेटवरून गाणं भजनी मंडळात पोचलं. एका काकूंनी विचारलं, मुलगा फौजेत आहे का? दुसऱ्या ठामपणे म्हणाल्या, "शहीद होतो शेवटी."

त्यांच्याकडे कॅसेटसुद्धा नव्हती.

*

तेवढ्यात छत्तीसगड वेगळं झालं. इंदरगंजला ह्यांच्या सरकारी ऑफिसात याद्या लागल्या : कोण इथे राहणार, कोण रायपूरला जाणार. दर आठवड्याला एक निरोपसमारंभ आणि दर समारंभात हे गाणं. साहेबांनी तर भाषणातच समजावलं, "इस गीत में माँ यानी अपना मध्य प्रदेश." जाणारा बाबू बिचारा ढसाढसा रडला.

तिसऱ्या यादीत ह्यांचं नाव आलं. घरात लगेच ठरलं की हे जातील आणि मी इथेच राहीन. अजून नवीन आहे, आमच्यात रुळू दे, असं आईंचं म्हणणं. मला कुणी विचारलं नाही. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला.

*

निघायच्या आदल्या रविवारी सकाळी सगळे पोह्यांना जमले. भावजींनी गिटार काढली. धृपद झालं, "ये ये ये" झालं, आईंनी पदर डोळ्यांना लावला.

"सूनबाई, तू एवढी शिकलेली," त्या मला म्हणाल्या, "पूर्ण गाण्याचा अर्थ सांग ना. पोरगा जाऊन राहिला आहे. आईला काय काय म्हणतो, एकदा कळू तरी दे."

मी सांगितला. एकेक कडवं, सावकाश. गाडी, शेजारची नवी बायको, दिव्याची थाप. काही गाळलं नाही.

भावजींचा हात तारांवर तसाच राहिला.

"असं आहे ते?" आठ वर्षं त्या गाण्यावर ड्रम बडवलेले हे म्हणाले.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे वळल्या.

"माळ्यावरची मोठी ट्रंक काढा," त्या म्हणाल्या. "ह्याच्या एका बॅगेत दोघांचं सामान मावायचं नाही."