येतो म्हणावं

क्रूझ म्हणजे पाण्यातला मॉल, असं मी मेहुण्याला कितीदा सांगितलं. "वर्षभर घरात कोंडून घेतलंत, आता पुरे," म्हणत त्यानं आम्हा नवराबायकोला चढवलंच. डेकवर ढणाढणा गाणी लागली, जहाज हललं आणि सगळे किनाऱ्याकडे बघून हात हलवू लागले. तिथं आमचं कुणीच नव्हतं. तरी बायकोनं हात उचलला, म्हणाली, "येतो गं."

ऑपरेशनला नेताना आमची मुलगी मनू "जाते" म्हणाली होती. हिनं तेव्हाही दटावलं, "जाते नाही, येते म्हणावं." मनू हसून "येते" म्हणाली, आणि गेली.

येतो म्हटलं की परत येणं आपल्याच हातात असल्यासारखं वाटतं.

किनारा दिसेनासा झाला, तरी हिचा हात वरच आहे. येतो खरं, पण कुणाकडे?