भोपळ्याला पहिली सुरी कोणाची

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती आणि लालबागमध्ये अंगाची नुसती लाही लाही होत होती. अशा त्या ऑक्टोबरात एका शनिवारी माझ्या मुलीने जाहीर केलं की उद्या आपल्याकडे ऑटम ब्रेकफास्ट आहे. भोपळ्याचे वॉफल्स. मी म्हटलं, "बये, ऑटम कुठंय? खिडकीतून बघून सांग मला." ती चौदा वर्षांची आहे, त्यामुळे असल्या प्रश्नांना ती उत्तर देत नाही. तिने फक्त मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात एक गोरी बाई लोकरीचा स्वेटर घालून वॉफलवर पाक ओतत होती आणि तिच्यामागे लाल-पिवळी पानं पडत होती. आमच्या खिडकीतून समोरच्या टॉवरचं बांधकाम दिसतं आणि त्याला बांधलेली हिरवी जाळी. पडायचंच झालं तर तिथून सिमेंट पडतं.

पण मनातून मला बरं वाटलं. माझा नवरा बोटीवर असतो. वॉफलचं मशीन त्यानेच मागच्या सुट्टीत आणलेलं, ते तेव्हापासून माळ्यावर पडलं होतं. माझे बाबा होते तेव्हा रविवारचा नाश्ता म्हणजे घरात सण असायचा. कधी घावणे, कधी आंबोळ्या, आणि ते स्वतः पाट मांडून सगळ्यांच्या आधी बसायचे. ते गेल्यापासून आईचा त्यातला जीवच गेला. मी, आई आणि मुलगी, तिघी तीन वेळेला उठतो आणि जे हाताला लागेल ते खातो. म्हटलं, पोरगी काहीतरी करू म्हणतेय ना, करू दे.

आणि घरात भोपळा होता. गणपतीला कुडाळला गेलेल्या चुलतभावाने येताना आणलेला, हा एवढा मोठा, मांडीवर घेतला तर मांडी भरेल असा. ओट्याच्या कोपऱ्यात जुन्या साडीच्या चुंबळीवर तो महिना-दीड महिना बसून होता. आई त्याला रोज फडक्याने पुसायची. कापायचं नाव नाही. कारण काय, तर आमच्या घरात आता पुरुष माणूस नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो. पहिली सुरी पुरुषाने लावायची. बाबा रविवारी आंघोळ करून यायचे, भोपळा पाटावर ठेवायचे, कोयत्याचा एकच घाव घालायचे आणि पेपर वाचायला जाऊन बसायचे. झालं त्यांचं काम! मग साल काढायची आईने, बिया काढायच्या आईने, किसायचं आईने, गूळ घालून शिजवायचं आईने आणि तासभर उकळत्या तेलापुढे उभं राहून घारगे तळायचे तेही आईने. एक घाव त्यांचा, बाकी सगळा भोपळा बाईचा. आणि वर म्हणायचं, पुरुषाशिवाय भोपळा होत नाही.

बाबा गेल्यावर आई बाजारातून कापलेली फोड आणायला लागली. मी एकदा तिला विचारलं, "ती भाजीवाली बाई दिवसभर बसून भोपळेच कापते ना? तिचं काय वाईट झालं?" आई म्हणाली, "ती विकायला कापते. घरात नाही." यावर काय बोलणार, कपाळ?

मला वॉफलचं काही पडलेलं नव्हतं. मला आईच्या तोंडून 'काप' हा एक शब्द ऐकायचा होता. मी एकुलती एक. लहानपणापासून आल्यागेल्यासमोर एकच ऐकत आलेय, "आम्हाला मुलगा नाही, पण ही आमचा मुलगाच." आमची जुनी चाळ पाडून हा टॉवर बांधायचा ठरला तेव्हा बिल्डरच्या माणसांशी मीटिंगमध्ये तोंड वाजवलं ते मी. बाबांना हॉस्पिटलात नेलं मी. त्यांना अग्नी दिला तोही मीच, आणि तेव्हा सगळे माना डोलावत म्हणाले, मुलाच्या वर आहे हो मुलगी. तिथे मी मुलगा. इथे भोपळा समोर आला की लगेच मुलगी! हा कुठला न्याय? सोयीचा न्याय आहे नुसता. आई मला या घरात काय समजते, ते मला त्या रविवारी कळायला हवं होतं.

सकाळी मुलीने ओट्यावर सगळं मांडलं. मैदा, गूळ, अंडी, दूध, तूप, दालचिनी, जायफळ. मशीन पुसून ठेवलं. मी मोठी सुरी हातात घेतली आणि भोपळा पुढे ओढला.

"थांब," आई म्हणाली.

"का?"

"जावयांना येऊ दे."

"आई, तो येणार गुढीपाडव्याला! तोवर हा भोपळा काय, मीसुद्धा सडेन."

"मग बाजूच्याला बोलावते," असं म्हणून ती चप्पल अडकवून निघालीसुद्धा. माझी सुरी हातातच राहिली. मुलगी माझ्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्याने मला आणखीच चीड आली.

बाजूच्या फ्लॅटमधले गृहस्थ आले ते बनियन आणि हाफ पँटवर, ओठाच्या कडेला टूथपेस्ट घेऊन. या माणसाच्या घरी त्याची बायको पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देते. तो माझ्या स्वयंपाकघरात छाती पुढे काढून शिरला आणि म्हणाला, "काय काकी, कुठाय पेशंट?" आईने त्याला कौतुकाने पाट दिला. मी सुरी दिली. त्याने भोपळ्यावर ती ठेवून जोर लावला. सुरी सालीवरून सरकली. पुन्हा लावला, पुन्हा सरकली. भोपळ्यावर साधा ओरखडा नाही. मग तो म्हणाला की सुरीला धार नाही. मी म्हटलं, कालच लावून आणलीय. मग म्हणाला, मनगट दुखतंय, क्रिकेटचं जुनं दुखणं आहे. मी त्याच्याकडे बघितलं असं की त्याला काय ते कळलं असावं.

"काकी, आपटूनच फोडतो ना," तो म्हणाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने दोन्ही हातांनी भोपळा डोक्याच्या वर उचलला. अवसेला दुकानाच्या दारात कोहळा फोडतात ना, तस्सा.

"ठेव खाली मेल्या!" आई अशी किंचाळली की मीच दचकले. तिने त्याच्या हातातून भोपळा जवळजवळ ओढून घेतला. पोटाशी धरला. 

"एवढं काय काकी, भोपळाच तर आहे," तो ओशाळून म्हणाला. दारापर्यंत गेला, मागे वळला आणि वर मलाच सांगून गेला, "वहिनी, वॉफल झाले की पाठवा दोन." बघा! याला म्हणतात पुरुषाचा हात.

आईने भोपळा हळूच पाटावर ठेवला, पदराने पुसला आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसली. मी तिच्यामागून बाहेर आले. मुलगी आत ओट्यापाशीच राहिली. मी आता ऐकणार नव्हते. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"बघितलास तुझा पुरुष? हा चालतो तुला! टूथपेस्ट लावलेला चालतो, मनगट दुखणारा चालतो, फक्त मी चालत नाही. बाबांच्या वेळी मडकं माझ्या खांद्यावर दिलंत, तेव्हा चालले ना मी? त्यांना मी अग्नी दिला आई! त्याला माझा हात चालतो आणि भोपळ्याला चालत नाही? माझ्या हाताला झालंय तरी काय?"

"चालला म्हणून कोणी सांगितला तुका?" आई म्हणाली. ती चिडली की मालवणीवर येते. पण या वेळी आवाज चढलेला नव्हता. "माका तेव्हा पण नको होता. लोक म्हणी होते, चेडू काय धीराचा. मी मनात देवाक गाऱ्हाणा घाली होतंय, हिका काय होव नको."

मी सोफ्याच्या कडेवर टेकले.

"भोपळो म्हणजे थोरलो झील," ती म्हणाली. म्हणजे घरातला थोरला मुलगा. "जो कापता तेका दोष लागता. म्हणान घरातल्या बाईन कापूचो नाय. तुझ्या बापाशीन जन्मभर कापलो. बघलंस मां काय झाला?"

"आई, बाबांना हार्टचा त्रास होता. डॉक्टर चार वर्षं सांगत होते, बिडी सोडा."

"डॉक्टराक काय म्हायत?"

"आणि तुला माहीत होतं, तर बाबांना कापायला कशी देत होतीस?"

तिने पदर तोंडाशी घेतला. "तेव्हा माका खरा वाटत नव्हता गो. तो गेल्यावर वाटूक लागला."

 मग बाजूच्या फ्लॅटच्या भिंतीकडे हात करून म्हणाली, "दोष लागलो तर तेका लागांदे. तेका तेची आवस आसा बघूक. माका तू एकच आसस."

त्याला बघायला त्याची आई आहे म्हणे! आता काय म्हणावं या बाईला! मला हसू यायला हवं होतं. बिचारा तो शेजारी छाती काढून आला होता, आणि आईने त्याला कशासाठी आणलं होतं, तर माझ्यावरचं संकट त्याच्या डोक्यावर घालायला. पण मला हसू आलं नाही. माझा राग एवढा तयार होऊन बसला होता आणि त्याला आता जागाच राहिली नव्हती. ती मला कमी समजत नव्हती. हे मला कोणी सांगितलं का नाही? तिने का नाही सांगितलं? माणसाने इतकी वर्षं भलत्याच गोष्टीवर चिडत राहायचं म्हणजे काय? आणि तरी, हे सगळं खोटं आहे, नुसतं भ्याडपणाचं आहे, भोपळ्याने कोणी मरत नाही, हे मला तिला ओरडून सांगायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात आतून आवाज आला. खाट्.

मुलगी दारात आली. तिचे दोन्ही हात केशरी झाले होते आणि एका हातात अर्धा भोपळा होता, बिया लोंबत असलेला. "कापला मी," ती म्हणाली. "देठाच्या बाजूने सुरी घालून वरून वरवंटा मारला. तुमचं भांडण संपेपर्यंत लंच टाइम झाला असता."

"तुला कोणी सांगितलं होतं गं हात लावायला!"

हे आई ओरडली नाही. मी ओरडले. आईने तोंड उघडायच्या आत. मी धावत जाऊन तिचे हात धरले, बोटं उलटीपालटी करून बघितली, कुठे कापलंय का, काही झालंय का.  "एवढी मोठी मी घरात असताना तू कशाला? मी मेले होते का?"

"मम्मी, आत्ता तर तू आजीला सांगत होतीस ना, मुलींनी कापला तर काय होतं म्हणून?"

 मी आईकडे बघितलं. ती मला बोलेल, टोमणा मारेल, असं वाटलं. ती उठली, मुलीच्या हातातला अर्धा भोपळा घेतला आणि किसणी शोधायला आत गेली.

मग वॉफल झाले. भोपळा किसून वाफवला, घोटला, त्यात गूळ आणि अंडी, मैदा, दालचिनी. आई म्हणाली दालचिनी कसली, जायफळ घाल, आणि तिने मुलीला न विचारता घातलंच. पहिला वॉफल मशीनला असा चिकटला की सुरीने खरवडावा लागला. मग आईने तूप सोडलं आणि दुसरा अलगद सुटून आला, कडेने कुरकुरीत, आत मऊ, रंग हळदीसारखा. पाकाऐवजी आम्ही काकवी घातली. आईने जमिनीवर तीन पाट मांडले, बाबा मांडायचे तसे. एक घास खाऊन ती म्हणाली, "हे घारगेच. चौकटीचे." आणि आणखी एक मागून घेतला. बाजूच्यालाही दोन पाठवायला लावले. म्हणाली, बिचाऱ्याला फुकट त्रास.

मुलगी काकवी चाटत मोबाइलमध्ये ताटलीचे फोटो काढत होती. मी उठले, आत गेले, बरणीतून मीठ-मोहरी मुठीत घेतली. कोणाला दिसू नये म्हणून पाठ करून उभी होते.

"मिरच्या पण घे," मागून आई म्हणाली. तिने मान वर करूनही बघितलं नव्हतं.

मी मिरच्याही घेतल्या. मुलगी "मम्मी, सीरियसली?" म्हणत हसत बसली होती, तशीच तिच्यावरून ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. नजर लागलेली असली की म्हणे मिरच्या जळूनही वास येत नाही. माझा यावर विश्वास नाही. मी शिकलेली बाई आहे. मी तव्याकडे बघत उभी राहिले, श्वास रोखून.

मग ठसका लागला. आधी आईला, मग मुलीला, मग मला, असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि खिडक्या उघडाव्या लागल्या. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.